शकुनाचा एक

सोलापूर,
६ मार्च १९७३

चि. विजू,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व ठीक’ लिहायला हात आपसूक वळतो. यंदा तो मी आवरला आहे.

तुझ्या मशीननं आमची पुरती फजिती केली. गेले चार आठवडे सोमवारी सकाळच्या गाडीनं तुमच्याकडून यादी यायची, कुठल्या गावाला पाण्याचा टँकर आधी आणि कुठल्या गावाला नंतर. साहेब सही करायचे आणि दुपारपर्यंत टँकर सुटायचे. काल टपालाची थैली उघडली तर आत यादीच नाही. नुसता एक कागद आणि त्यावर इंग्रजीत दीड ओळ. आमच्या टंचाई कचेरीत तो कागद सगळ्यांनी उलटासुलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला पाणी सापडणार होतं. शेवटी साहेब म्हणाले, नवी यादी येईपर्यंत जुनीवर चालवा.

जुन्या यादीत आपलं बोरमाळ अगदी तळाला आहे. तेव्हा वस्तीवरच्या दोन्ही विहिरींना थोडंफार पाणी होतं. आता दोन्ही ठणठणीत. तलाठ्यानं नव्या कागदावर ‘पाणी असलेल्या विहिरी’ या रकान्यात शून्य लिहिलं, आणि तो कागद मी माझ्या हातानं तुमच्या थैलीत घातला.

रविवारी मथुराला इकडे आणायला म्हणून गेलो होतो. बहीण माझी, पण हट्ट आमच्या बापाचा. म्हणाली, “मी आले तर शेरडं कोन बगंल? आन गोजीला एकटीला सोडून यीऊ व्हय?” ती आणि शेजारची गोजाबाई दोघी रोज दोन कोस चालून एका मळ्यातल्या पायविहिरीवर जातात. पायऱ्या निम्म्या ढासळल्यात. तळाशी वाटीनं पाणी गोळा करायचं आणि घागर वर ओढायची. तुझी आई पंचावन्नची आहे विजू. मी काठावरून खाली पाहिलं आणि दोन पायऱ्या उतरून परत फिरलो.

तुला बार्शीच्या कॉलेजात घातलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं की पोरगी कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आता पड. मशीन दुरुस्त कर नाहीतर दुसरं शोध, पण येत्या सोमवारी यादी पाठव.

तुझा मामा,
धोंडीराम


मुंबई,
११ मार्च १९७३, रविवार

ती. मामा,

नमस्कार. मशीन बिघडलेलं नाही. बिघडलं असतं तर मेकॅनिक बोलावून मोकळी झाले असते.

तुम्हाला नीट सांगते. मशीन आमच्या सरकारी ऑफिसचं नाही. एका कंपनीचं आहे आणि त्यांनी ते आम्हाला फक्त रविवारी सकाळी सात ते आठ वापरायला दिलंय. प्रत्येक गावाचं एक भोकं पाडलेलं कार्ड असतं, अशी नऊशे कार्डं. त्यांचं काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला. पण माझी भाषा मशीनला कळत नाही. मध्ये कंपायलर नावाचा दुभाष्या असतो, तो माझ्या लिहिण्याचं मशीनच्या भाषेत भाषांतर करतो. सुरुवातीला या सगळ्याला दीड तास लागायचा. कंपनीवाले कुरकुरायला लागले, तेव्हा आमच्या दस्तूरसाहेबांनी दुभाष्यासाठी वर एक जादा कार्ड ठेवलं. त्या कार्डाचा अर्थ असा की, जसंच्या तसं भाषांतर नको, डोकं चालव आणि वेळ वाचव. काम चाळीस मिनिटांवर आलं आणि सगळे खूष झाले.

आज पुन्हा लावलं. बाराव्या मिनिटाला मशीन थांबलं. कुठल्या कार्डावर थांबलं ते काढून पाहिलं, तर अक्कलकोटकडचं एक गाव होतं आणि विहिरींच्या रकान्यात शून्य. ते कार्ड बाजूला ठेवून पहिल्यापासून लावलं, तर पुढच्या शून्यावर अडलं. तेवढ्यात आठ वाजले आणि कंपनीच्या माणसानं आम्हाला बाहेर काढलं. आता पुढच्या रविवारपर्यंत हात चोळत बसायचं.

शून्यानं भागता येत नाही हे मलाही कळतं. म्हणून मी स्पष्ट लिहून ठेवलंय की विहिरी शून्य असतील तर भागायलाच जाऊ नकोस, ते गाव थेट पहिल्या पानावर घाल. तरी ते का भागतंय? शंभर वेळा प्रोग्रॅम वाचला, चूक दिसत नाही. तूर्त एवढंच सांगू शकते की या मशीनला शून्य सहन होत नाही.

शेजारच्या टेबलावरचा एकजण म्हणाला, शून्याची कार्डं काढून टाका आणि बाकीची यादी छापा. मी म्हटलं, अहो, ज्यांच्याकडे थेंब नाही तीच ही गावं! तो म्हणाला, बाकीच्यांची तरी सोय होईल. मला तिथंच रडू फुटलं.

आईला जमेल तसं सांभाळा. मी दुसरं काहीच करत नाहीये, जेवतानाही तो प्रोग्रॅम समोर असतो.

तुमची,
विजू


सोलापूर,
१७ मार्च १९७३

चि. विजू,

आशीर्वाद. डोळे पूस. तुझं काम तुझ्या म्हाताऱ्या मामानं करून टाकलंय.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि बुधवारची थैली निघायच्या आत मी मोहीम फत्ते केली. तेव्हाच कळवलं नाही, म्हटलं पोरीला चकित करू. मशीनला शून्य सहन होत नाही म्हणालीस. अगं, ते आपल्याला तरी कुठं होतं? आहेर आपण पन्नासाचा करतो का? एक्कावन्नाचा करतो. शंभराच्या पाकिटात वर एक घालतो. आकडा शून्यावर सोडायचा नाही, शकुनाचा एक घालायचा, हे तुझ्या आजीनं मला शिकवलं. तेच केलं. सत्तावीस गावांच्या कागदावर शून्य होतं. सत्तावीस ठिकाणी मी शून्याच्या जागी शकुनाचा एक घातला, शाई सुद्धा तलाठ्याच्या शाईशी जुळवून. नऊशे गावांच्या पसाऱ्यात एकेक विहीर म्हणजे दर्यामें खसखस! मशीनचं समाधान झालं म्हणजे झालं.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत कागदावरचा आकडा कधी बदलला नव्हता. पण मथुराचे पाय आठवले. टाचांच्या भेगांत कापूस कोंबून चालते ती.

उद्या रविवार. तुझं मशीन उद्या घोड्यासारखं धावेल बघ.

धोंडीराममामा


मुंबई,
१८ मार्च १९७३, रविवार

ती. मामा,

झाली! यादी पूर्ण झाली! छप्पन्न मिनिटांत, एकदाही न थांबता. कंपनीच्या माणसासमोर मी उडी मारली आणि त्यानं तोंड फिरवलं.

चूक माझी नव्हती आणि मशीनचीही नव्हती. ती त्या जादा कार्डाची होती. मी दुभाष्याला सांगितलं होतं, आधी गावात पाण्याची विहीर आहे का बघ, असेल तरच एका विहिरीमागं किती माणसं ते भागून काढ. त्याला डोकं चालवायची मुभा मिळाल्यावर त्यानं काय केलं असेल? म्हणाला, भागाकार तर करायचाच आहे, मग तो आधीच उरकून ठेवू, विहीर आहे का ते नंतर बघू. माझी अट त्यानं ठेवली होती, फक्त भागाकार तिच्या आधी नेऊन ठेवला होता. जोवर कुठल्याच गावात शून्य नव्हतं तोवर ही शहाणपट्टी खपून गेली. शून्य आलं आणि अडकली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं.

मग मी भागाकाराचा तुकडा तेवढा वेगळा काढला आणि त्याचं भाषांतर ते कार्ड न लावता, जसंच्या तसं करून घेतलं. बाकीच्याला हुशारी लखलाभ. म्हणून तासाच्या आत बसलं.

यादी सील करून थेट गाडीवर नेऊन दिली. वाचायलाही थांबले नाही. वाचायचं काय त्यात? शून्यवाली सगळी गावं पहिल्या पानावर असणार आणि त्यात बोरमाळ असणारच. आईला सांगा, चार दिवस कळ काढ, टँकर तुझ्या दारात येतोय.

आज पोटभर जेवले.

विजू


तार
मुंबई, २० मार्च १९७३

पत्र मिळाले. एक खोडा शून्य लिहा. यादीवर सही होऊ देऊ नका. विजू


सोलापूर,
२२ मार्च १९७३

चि. विजू,

साहेब सोमवारी दौऱ्यावर होते. मंगळवारी तार हातात पडायच्या आधी दोन तास सही झाली होती.

तू तारेत कारण लिहिलं नव्हतंस. यादी उघडल्यावर मला ते कळलं. पहिल्या पानावर बोरमाळ नाही, दुसऱ्यावर नाही. शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं. वस्तीवर माणसं एकशे चाळीस आणि पाण्याची विहीर एक. मशीनच्या हिशेबानं ही चैनच झाली. मोठमोठ्या गावांत सहाशे माणसांना एक विहीर आहे. सत्तावीसच्या सत्तावीस लहान वस्त्या अशाच तळाशी गेल्या आहेत. जिथं विहीर नाही तिथं मी एकेक विहीर खणून दिली आणि पाणी तोडलं.

साहेबांकडे गेलो. माझ्या हातून झालं असं सांगायला गेलो होतो, विजू, पण तोंडून निघालं, “साहेब, काही आकडे तपासायला हवेत.” ते म्हणाले, “धोंडीराम, मशीनच्या यादीवर हातानं खाडाखोड केली की उद्या प्रत्येक पुढारी आपलं गाव वर चढवायला येईल.” त्यांचं बरोबरच आहे. मी मान हलवून बाहेर आलो.

आता नवे कागद हवेत, त्यावर तलाठ्यांच्या सह्या हव्यात. ते अठ्ठावीसच्या थैलीशिवाय निघत नाहीत. म्हणजे तुमचा एक एप्रिलचा रविवार. मधला रविवार फुकट जाणार. खाली सत्तावीस नावं लिहून देतो. तुझ्याकडे कार्डं आहेतच. तुझ्याकडून काही होत असेल तर कर गं. मी हात जोडतो.

धोंडीराम


मुंबई,
२६ मार्च १९७३

ती. मामा,

काल सकाळी सात वाजता ती सत्तावीस कार्डं माझ्या हातात होती. नव्यानं भोकं पाडायला पाच मिनिटं पुरली असती.

दस्तूरसाहेब शेजारी उभे होते. मी त्यांना विचारलं. विचारलं हीच चूक. ते म्हणाले, सही केलेला कागद दाखवा. कागद नाही म्हटल्यावर म्हणाले, मिस, मग कार्डाला हात लावू नका. रागावले नाहीत, नियम सांगावा तसं सांगितलं. मी कार्डं परत गठ्ठ्यात ठेवली. मशीन चाललं आणि पुन्हा तीच यादी छापून निघाली. या खेपेला मी ती वाचली. बोरमाळच्या ओळीवर बोट ठेवून बसले.

तुम्हाला मी काय बोलू? मशीनला शून्य सहन होत नाही हे वाक्य माझं होतं. कळलेलं नसताना मी ते लिहिलं. तुम्ही त्यावर विश्वास ठेवला.

एक तारखेला शून्य येईल आणि या वेळी मशीन थांबणार नाही, एवढी खात्री देते. आईला कसंही करून सोलापूरला आणा. उचलून आणा.

विजू


सोलापूर,
३० मार्च १९७३

चि. विजू,

गोजाबाई गेली. मंगळवारी सकाळी त्या पायविहिरीत पाय निसटला आणि डोकं दगडावर आपटलं. मथुरा वर काठावर होती. तिला काही झालेलं नाही, हे आधी लिहायला हवं होतं, माझं चित्त ठिकाणावर नाही.

मी वस्तीवर जाऊन आलो. गोजाबाईची सून सारजा माझ्या पाया पडली. म्हणाली, “मामा, तुमी कचेरीत हाय, आमाला टँकर मिळवून द्या.” मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

आता नीट ऐक. मी पुष्कळ विचार केलाय. तिकडे मथुराला किंवा आणखी कुणाला काही लिहू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, मशीन चुकलं. ते खोटंही नाही, मशीन आधी चुकलंच होतं की. मशीनला कुणी जाब विचारत नाही, त्याच्या घरी कुणी दगड मारत नाही. माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. पण त्यापेक्षाही मथुरेसमोर मला उभं राहायचंय. तिला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही. मला एवढी एकच बहीण आहे.

सत्तावीस नवे कागद थैलीत गेले. सगळ्यांवर शून्य आहे. मी तीन वेळा पाहिलं.

धोंडीराममामा


बोरमाळ वस्ती, ता. सांगोला,
९ एप्रिल १९७३

विजे,

गुर्जी लिव्हत्यात आन मी सांगतीया. टँकर आला. मंगळवारी आला, पैला आपल्याच वस्तीला, मग फुडं. डायवर म्हनला, मुंबैच्या मशीनीनं तुमचं नाव पैल्या पानावर घातलंया. मी म्हनलं, ती मशीन माजी पोरगी चालवती. समदी माज्याकडं बगाय लागली.

काल गोजीचं तेरावं झालं. टँकरच्या पान्यावर सैपाक केला. त्या दिशी खाली उतरायची पाळी माजी व्हती, विजे. माजा गुडगा धरला व्हता. ती म्हनली, मथुरे, तू वर थांब, मी जाते. माज्या जागी गेली ती. मला घास गिळंना झालाय. पानी दारात आलं, आन प्यायला नगं वाटतंया.

सारजानं तुज्यासाटी खण काढून ठिवलाय. म्हनती, आत्या गेल्या त्या गेल्या, पर बाकीच्यांस्नी विजूताईनं वाचिवलं, तिला खण-नारळ दिल्याबिगर ऱ्हानार न्हाय. तू ये. दादा तेराव्याला आला न्हाय. तब्येत बरी न्हाय म्हनं. त्येचं बी काय ते बग.

आई

(ताईंनी सांगितलं तसं उतरवलं आहे. पत्र सांगताना पारावर बरीच मंडळी होती. आपलं कौतुक चाललं होतं. – रेवणसिद्ध)


मुंबई,
१३ एप्रिल १९७३

रेवणसिद्ध गुरुजींस,

नमस्कार. खालचं पत्र आईला आहे. ते तिला घरात एकटीला वाचून दाखवू नका. ज्या पारावर तिनं तिचं पत्र सांगितलं, तिथंच वाचा. सारजावहिनींना पुढं बसवा आणि आवाज मोठा ठेवा. याची नक्कल मी मामांना पाठवली आहे. त्यांना आधी विचारलं नाही, विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि मी ऐकलंही असतं.

आई,

टँकर मी आणला नाही. टँकर पंधरा दिवस उशिरा आला तो माझ्यामुळं आणि मामांमुळं.

मशीननं आधी घोळ घातला होता, तो मी सोडवला. ज्या रविवारी आपली वस्ती यादीच्या तळाला गेली, त्या रविवारी मशीन बरोबर चाललं. चूक कागदावर होती. मी मामांना लिहिलं की मशीनला शून्य चालत नाही. मला तेव्हा नीट कळलेलं नव्हतं, तरी लिहिलं. मामांनी वस्तीच्या नावापुढं शून्य विहिरीच्या जागी एक विहीर लिहिली, टँकर लवकर यावा म्हणून. त्यामुळं तुमच्याकडं पाणी आहे असं झालं. पुढच्या रविवारी ते कार्ड माझ्या हातात होतं. मी दुरुस्त करू शकत होते. साहेब नको म्हणाले आणि मी ठेवून दिलं, नोकरीला भिऊन. गोजामावशी त्यानंतर दोन दिवसांनी गेल्या.

तू म्हणतेस, त्या तुझ्या जागी गेल्या. तुझ्या जागी नाही गं. तुझ्या गुडघ्यावर हे घेऊ नकोस.

मामा तेराव्याला आले नाहीत कारण त्यांना तुझ्यासमोर उभं राहवत नाही. त्यांनी जे केलं ते तुझ्या टाचा बघून केलं. त्यांना काय म्हणायचं ते तू ठरव.

सारजावहिनी, तो खण मला देऊ नका. मी बावीस तारखेच्या रविवारचं काम उरकून सोमवारी निघते आणि मंगळवारी वस्तीवर येते. यायचं नाही असं ठरलं तर तसं कळवा, तरी मी येईन.

गुरुजी, वाचून झाल्यावर कोण काय बोललं ते जसंच्या तसं लिहून पाठवा. शिव्या असल्या तरी एकही शब्द गाळू नका.

विजयमाला